श्यामकांतांचा ट्यूना

निरंजनने ट्यूना पकडला. चांगला बोकडाएवढा, पिवळ्या परांचा, अंदमानच्या भर समुद्रात. पण तो पकडलाच नाही असं आपण धरून चालू. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात सगळे तसंच धरून चालले आहेत.

झालं असं, की रायपूर राजधानी झालं, गल्लीच्या तोंडाशी लाल दिव्याच्या गाड्या अडकू लागल्या, आणि त्याच धामधुमीत निरंजनचे थोरले भाऊ श्यामकांत नव्या मंत्रालयात फाइल हातात धरून बसल्या बसल्या गेले. साहेबांना वाटलं, विचार करून राहिले. चहा येईपर्यंत कोणी हलवलं नाही.

दहाव्याला महादेव घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. म्हणजे जाणाऱ्याची काहीतरी इच्छा राहिली. ती पुरी करायचा शब्द कोणीतरी द्यायचा, मग कावळा येतो आणि माणूस सुटतो.

"दादा, वहिनीले सांभाळतो," निरंजन हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

"तुमच्या पोराचं, राजसचं कॉलेज पुरं करतो." कावळ्याने पाठ फिरवली.

गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. ते घड्याळ बघू लागले. श्यामकांतांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण टीव्हीवरची समुद्रातली मासेमारी ते जेवण सोडून बघत. तिकडे गोरा माणूस खुर्चीला स्वतःला बांधून ट्यूना ओढायचा, इकडे हे सोफ्यावर मागे रेलायचे. ते आठवून निरंजन वैतागून बोलला, "बरं बा, तुमच्यासाठी ट्यूना पकडतो!"

कावळा सरळ खाली आला.

लोक हसले. रमावहिनी हसली नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "तिकिटं काढा."

रायपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला निघालं तरी लांबच पडतो. कोलकात्याहून विमानाने पोर्ट ब्लेअर, तिथून भाड्याची बोट. पाण्यात खोटे मासे सोडून बोट पळवायची, खऱ्या माशाने फसायचं, असा तो खेळ. वहिनी लिंबू हुंगत पालथ्या बादलीवर बसली होती. निरंजन कमरेला पट्टा बांधून, ऑफिसात, सिंचाई विभागात बसायचा तसाच बसला होता, म्हणजे काहीही न करता.

आणि गळाचं रीळ किंचाळलं.

"धीरे, भैया! छोड़ो, फिर खींचो!" बोटवाला ओरडला. निरंजनने ओढलं. मासा दोर घेऊन खाली गेला, पुन्हा ओढलं. हातांचा भुगा झाला. दादांना असं रेलता येत होतं, त्यांनीच यायला हवं होतं, असं त्याला वाटलं. शेवटी मासा बोटीला लागला. एवढा मोठा डोळा. बोटवाल्याने आकडा उचलला.

"थांबा," वहिनी म्हणाली.

"काय झालं?"

"हा वर आला तं ह्यांची इच्छा पुरी होईल."

"त्याच्यासाठीच तं आलो, वहिनी."

"मंग ते जातील ना."

निरंजनने बोटवाल्याला थांबायची खूण केली.

"अजून घरीच आहेत ते," ती म्हणाली. "रात्री मी पंखा दोनवर ठेवते. उठते तं तीनवर असते."

"राजस करत असेल."

"राजस भिलाईले आहे, होस्टेलात."

निरंजनने दोर कापायला सांगितलं. "पागल हो क्या, भैया?" बोटवाला म्हणाला, पण कापला. मासा क्षणभर तसाच राहिला, मग गेला.

"पकडला नाही आपण," वहिनी म्हणाली.

"सोडला न."

"हव. सोडला."

"पण वहिनी, पकडल्याबिगर सोडता येते काय?"

हे बोलायला नको होतं. वहिनी रडली. तेराव्यालाही रडली नव्हती, ते सगळं रडली. निरंजनही रडला. बोटवाला इंजिनात काहीतरी शोधत राहिला.

घरी सगळ्यांना सांगितलं, काही लागलं नाही. "काका, एक भी नहीं?" राजसने फोनवर विचारलं. "एकही नाही," निरंजन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी त्याच्या दारात उभी राहिली. "पंखा दोनवरच आहे," एवढंच म्हणाली, आणि परत गेली.

निरंजन ऑफिसात गेला. रोज हिंदीत अर्ज लिहायचा, आज मनातल्या मनात मराठीत लिहिला. कोणत्या विभागाला, ते ठाऊक नव्हतं:

तरी महोदयांस सविनय विनंती की, सदर मासा पकडला गेला नसून केवळ भेटला, असे समजण्यात यावे, तसेच कै. श्यामकांत यांची इच्छा अपूर्ण असल्याचे मान्य करून, त्यांस पुढील आदेशापर्यंत बुढापारा येथील राहत्या घरीच राहू द्यावे.