ललिताची कळ

ललिताच्या उजव्या कानात, पार आत, तापलेली सुई खुपसावी तशी कळ यायची. वारा लागला, घास चावला, तरी पुरे. अर्धं बोलणं तोंडात ठेवून ती भिंतीला डोकं टेकायची. मुलचेऱ्याच्या डॉक्टरला कानात काही दिसलं नाही. चंद्रपूरला दाढांवर संशय आला आणि दोन धडधाकट दाढा गेल्या. कळ होती तिथंच राहिली.

नवरा खुशाल ग्रामपंचायतीत शिपाई. आधी त्यानं दवाखाने हिंडवले, मग त्याचा धीर सुटला. पुतणीच्या लग्नात डीजे वाजला आणि ललिता कान दाबून मांडवातच खाली बसली, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काई नाई तिले. नाटक हाय. कामाच्या दिवशीच बरं दुखते!"

बायका पदराआड हसल्या.

शेवटी भाऊ प्रफुल्ल तिला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाई डोक्याचा एमआरआय बघून म्हणाल्या, "असं फार थोड्यांना होतं. कानाकडे जाणाऱ्या बारीक नसेवर रक्तवाहिनी दाबतेय." गोळ्यांनी भागलं नाही, तेव्हा कानामागून कवटी उघडून त्यांनी रक्तवाहिनी बाजूला केली, ती नस कापली. शुद्धीवर आल्यावर ललिता कळेची वाट पाहत पडून राहिली. टाके ठणकत होते, डोकं गरगरत होतं. कळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिला घरी न्यायला खुशाल आला आणि आधी त्या एमआरआयच्या फिल्मचा मोबाईलवर फोटो काढला. गावात मग तो ज्याला त्याला दाखवत सुटला. त्याचे काका नानाजी आले, तेव्हा ललिता चहा घेऊन दारात उभी होती.

"मले पयलेपासूनच वाटे, नसेचंच हाय म्हणून," खुशाल सांगत होता. "लय फिरलो आमी."

"तुमी तं नाटक म्हणत होते," ललिता म्हणाली.

"आता बरी झालीस ना? मंग जुनं काऊन उकरून राह्यलीस?"

"जाऊ दे बाई," नानाजी म्हणाले. "आतलं दुखणं कोणाले दिसते?"

दिसत नव्हतं, हे खरं. पण ती सांगत तर होती! चहा ठेवून ती आत आली. इतकी वर्षं कळ सोसताना रागावायलाही उसंत नव्हती. आता डोकं मोकळं झालं होतं, आणि सगळा राग तिथं येऊन बसला होता.

"ललिता, ये ना, नानाजीले टाके दाखव!" बाहेरून हाक आली.

तिनं आतून कडी घातली.