कुंकवाचा कण आणि गंगव्वाची काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एकाच डोळ्याचा आणि स्वभावाने जरा तुसडा. बंगळूरच्या जयनगरातल्या एका प्रयोगशाळेत, खिडकीपाशी माझं टेबल आहे. आमच्या डॉक्टर सुप्रीताबाईंना मलेरियावरच्या कामासाठी यंदा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा फोटोवाल्यांनी मला कोपऱ्यात सरकवलं आणि शेजारच्या चकचकीत यंत्राचे फोटो काढले. काढू देत बापडे. पण त्या पुरस्काराचं मूळ एका चुकीत आहे, आणि ती चूक घडली तेव्हा मीच तिथे होतो.

माझा जन्म अंबाल्याचा. कारागिरांनी माझी भिंगं घासली, पितळी चाकं बसवली आणि पायाशी एक गोल आरसा दिला. मला दिवा नाही. आरशाने ऊन धरायचं आणि काचेवर टाकायचं, एवढंच मला ठाऊक. लाकडी पेटीत बसून मी रेल्वेने बंगळूरला आलो, तेव्हा सुप्रीताबाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांचे वडील व्यंकोजीराव इथलेच. कैक पिढ्या इथेच रुजलेलं मराठी घर, म्हणून बोलता बोलता 'थोडं'च्या जागी कानडी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' त्यांच्या तोंडी सहज येतं.

काम मोठं चिकाटीचं. तापकऱ्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि माझ्यातून बघत बसायचं. मलेरियाचा जंतू म्हणजे पेशीच्या पोटात एक निळसर कडं आणि त्यावर लाल टिंब, खड्याच्या अंगठीसारखं. हजारो पेशींत एखादंच सापडतं. बाईंची मान अवघडायची, पण त्या उठायच्या नाहीत.

काचा रंगवायचे देवाप्पा. निपाणीकडचे, बाईंपेक्षा वयाने मोठे, तरी त्यांना अक्का म्हणायचे. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी इथे रिक्षापासून करवतीपर्यंत सगळ्यांना हार मिळतो आणि सुट्टीही. एका वर्षी देवाप्पांनी मायेपोटी माझ्या थेट कपाळी, म्हणजे वरच्या भिंगाच्या कडेलाच, कुंकू लावलं. मी काय, फुशारून बसलो.

दसरा झाला. बेळ्ळंदूरच्या मजूर वस्तीतल्या काचांचा ढीग वाट बघत होता. बाईंनी पहिलीच काच लावली तर समोर तांबडा ठिपका. "देवाप्पा, तुमची पूजा अजून संपली नाही वाटतं," म्हणून त्या हसल्या. तो खरोखर कुंकवाचा कण होता. पुढच्या काचांवरही तो दिसत राहिला आणि त्यांनी तो सोडून दिला. मग एका काचेवर आणखी एक लाल टिंब दिसलं. हेही कुंकूच, असं मनाशी म्हणत त्यांनी लिहून टाकलं, 'जंतू नाहीत', आणि सही केली. ती काच गंगव्वाची होती. इमारतीवर विटा वाहणारी बाई.

दुपारी अहवाल गेला. संध्याकाळी देवाप्पांनी माझं भिंग स्वच्छ पुसलं. बाईंचं मन खात होतं, म्हणून त्यांनी ती काच पुन्हा लावली. कुंकू गेलं होतं. लाल टिंब मात्र जागच्या जागी होतं, आणि त्याच्याभोवती निळं कडं. या जातीचा मलेरिया दोन-तीन दिवसांत मेंदूत चढू शकतो. बाईंनी पत्त्यांची वही ओढली.

"कुंकू मी लावलं, अक्का," देवाप्पा पुटपुटले.

"लावलंत तुम्ही. पण न बघता लिहिलं मी. पेटी काढा, यालाही घेऊन जाऊ."

गंगव्वाकडे फोन नव्हता. वहीत पत्ता एवढाच, तळ्याकाठची पत्र्याची शेड. रिक्षातून तिथे पोचलो तर शेड रिकामी. अहवाल हाती येताच टोळी दुपारीच दुसऱ्या कामावर गेली होती. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. वरिष्ठांनी फोनवर सल्ला दिला की उद्या दुसरा अहवाल पाठवा आणि पहिल्याची आपल्याकडची प्रत फाडून टाका. बाईंनी ऐकून घेतलं आणि सकाळी उजाडताच पुन्हा रिक्षा बोलावली.

जवळच्या एचएसआर लेआउट वसाहतीत एकेक बांधकाम शोधत गेलो आणि तिसऱ्यावर गंगव्वा सापडली. दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होती. मुकादमाने खिशातून कागद काढला. "यात काही नाही म्हणून लिहिलंय. नाटक करतीय ती. ही सही तुमचीच ना?"

"सही माझी आणि चूकही माझी," बाई म्हणाल्या.

तो हलेना. तेव्हा बाईंनी गंगव्वाच्या बोटातून थेंब घेतला. देवाप्पांनी काच रंगवली. शेडमध्ये वीज नव्हती. मला विटांवर ठेवलं, माझ्या आरशाने कोवळं ऊन धरलं आणि बाईंनी मुकादमाला वाकायला लावलं. शेतात तण माजावं तशी कडी माजली होती. गंगव्वाला दवाखान्यात न्यायला त्याने आपली गाडी काढली. त्या दिवशी मला माझ्या आरशाचा जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

पंधरा दिवसांनी गंगव्वा स्वतःच्या पायांनी प्रयोगशाळेत आली. "मला मारायला निघालं होतं ते दाखवा," म्हणाली. एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. "एवढंसं?" ती म्हणाली आणि पदराने माझी कड पुसून गेली.

त्या दिवसापासून बाईंनी एक नियम केला. टिंब दिसलं की वरचं भिंग फिरवायचं. टिंबही फिरलं तर तो भिंगावरचा डाग. जागचं हललं नाही, तर ते माणसाच्या रक्तात आहे. किती रोगी असे 'जंतू नाहीत' म्हणून परत पाठवले जातात, हे शोधत त्या वर्षानुवर्षं मजूर वस्त्या फिरल्या. तपासणाऱ्या शेकडो हातांना त्यांनी शिकवलं. पुरस्कार मिळाला तो याच कामाला.

मध्यंतरी पडद्याचं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. दमट हवेने भिंगावर बुरशी धरली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग एकदा पडद्यावरच्या टिंबाकडे बघून एका विद्यार्थिनीने न तपासताच "मॅडम, घाण असेल" म्हटलं. बाईंनी त्याच दिवशी मला बाहेर काढलं. पुरस्काराची ढाल आता त्या कपाटात आहे.

आयुधपूजा आजही होते, पण कुंकू माझ्या पायाला लागतं. नव्याने येणारा प्रत्येक जण आधी माझ्यातून गंगव्वाची जुनी काच बघतो. शेजारी भिंतीवर तो चुकीचा अहवाल चौकटीत लावला आहे, बाईंच्या सहीसकट.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची भिंगं पुसत जा, दमट हवेपासून जपत जा. आणि 'काही नाही' असं लिहायची वेळ आली, तर सही करण्याआधी भिंग एकदा फिरवा. तुमच्या कागदावर विसंबून तिकडे कुणीतरी तापात विटा उचलत असतं.