पिवळ्या फडक्यावरचा कावळा

मांजरा नदीच्या पात्रात पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं, पण घाटावर माणसांना पूर आला होता. शेळ्या राखणाऱ्या भागवतचा दहावा होता. हा भागवत हयातीत कधी चार माणसांसमोर धड बोलला नाही. मेल्यावर त्याला बोलतं करायला विदेहनाथ महाराज जातीनं आले होते.

महाराजांची पाटोदा भागात ख्याती झाली ती याच कामामुळे. मेलेल्याच्या नावानं कुठल्या संस्थेला दान द्यावं, हे ते खुद्द मेलेल्यालाच विचारत. पायरीवर तीन फडकी अंथरलेली, त्यांवर तीन पत्रावळी, प्रत्येकीवर भाताचा पिंड आणि पुढे पुठ्ठ्याची पाटी. एका पाटीवर ऊसतोड्यांच्या लेकरांचं वसतिगृह, दुसरीवर लिंबागणेशच्या वाटेवरची पाणपोई आणि तिसरीवर महाराजांची स्वतःची पितृकृपा गोशाळा. पहिल्या दोघींखालची फडकी पांढरी होती, गोशाळेखालचं पिवळं. कावळा ज्या पिंडाला शिवेल, तिथं दान.

"माऊली, संस्था काय, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवतात!" महाराज सांगत होते. "खरी कोण, खोटी कोण, तुम्हा-आम्हा पामरांना काय कळणार? देह सुटला की दृष्टी उघडते. आत्म्याला सगळं दिसतं. संस्थेचं पावतीपुस्तकसुद्धा दिसतं!"

डोळे जळून गेल्यावर दृष्टी कुठून उघडते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कधीमधी कावळा पाणपोईच्या पिंडालाही शिवायचा. मागे काही न ठेवता गेलेल्या गरिबाचा दहावा असला की हमखास. लोक त्याला महाराजांचा निःपक्षपातीपणा म्हणायचे.

धनश्री आईला धरून उभी होती. ती भागवतची एकुलती एक लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. एरवी ती असल्या गर्दीकडे फिरकलीही नसती. पण बाप गेला होता तो अर्धं वाक्य मागे ठेवून. "सारजे, शेळ्या देऊन टाक. त्या..." एवढं म्हणाला आणि संपला. सारजाबाईचे गुडघे गेलेले, माळावर हिंडणं आता तिला जमणार नव्हतं, तेव्हा शेळ्या द्यायच्या हे सरळच होतं. कुणाला, ते मात्र त्याच्याबरोबर गेलं. तेव्हापासून दिवेलागणीला वाड्यातल्या शेळ्या एकदम माना वर करून फाटकाकडे बघायच्या. सारजाबाई भाकरी थापता थापता थांबायची. "आले बग," म्हणायची. फाटकात कुणी नसायचं. धनश्रीला हे सगळं कळायचं, आणि तरी तिचीही नजर फाटकाकडे जायची.

भागवतचा धाकटा भाऊ बंकट हात जोडून ओरडला, "दादा, तुजी इच्छा सांग! आमी पुरी करतो!"

बाभळीवरून एक कावळा उतरला. पांढऱ्या फडक्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. उड्या मारत तो पिवळ्या फडक्यावर आला आणि गोशाळेच्या पिंडात त्यानं चोच घातली.

"शिवला! शिवला!" घाट दणाणला.

सारजाबाई रडत होती आणि हसतही होती. "आले गं तुजे आबा. मला वाटलं, रुसून गेले."

धनश्रीच्या अंगावर सरसरून काटा आला. विज्ञानाच्या बाईंचे हात आपोआप जोडले गेले. सगळ्या शेळ्या गोडजेवणाच्या दिवशी गोशाळेला द्यायचं ठरलं. त्या दिवसापासून सारजाबाई पोटभर जेवू लागली, तिला झोप लागू लागली.

मग शाळेत एक क्षुल्लक गोष्ट घडली. खिचडी शिजवणाऱ्या छबुबाई रोज परात लाल टॉवेलानं झाकून आणत. त्या दिवशी टॉवेल धुऊन दोरीवर टाकला होता आणि परात आत खोलीत होती. तरी मधल्या सुट्टीत सगळे कावळे त्या टॉवेलाभोवती येऊन काव काव करू लागले. पोरं हसली. धनश्रीच्या हातातला खडू मात्र फळ्यावर तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी फटफटताना ती घाटावर गेली आणि बाभळीमागे उभी राहिली. महाराजांचा चेला सोमनाथ आला. त्यानं पिवळं फडकं अंथरलं. पिशवीची गाठ अजून सुटली नव्हती, तोच कावळे खाली उतरले. त्यानं फरसाण पसरलं. मग शेजारी पांढरं फडकं अंथरून त्यावरही थोडं टाकलं आणि तिकडे वळणाऱ्या कावळ्याला काठीचा तडाखा दिला. पुन्हा पिवळं, पुन्हा पांढरं. शाळेत पोरांना पाढे शिकवावेत तितक्या चिकाटीनं हा मनुष्य कावळ्यांना शिकवत होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, पण इथं फांदी आधीच करवतून ठेवलेली होती. गरिबाच्या दहाव्याला पिवळं फडकं पाणपोईखाली जात असणार, हेही तिला आता उमगलं.

धनश्री तिथंच खाली बसली आणि रडली. फसवल्याचा राग नंतर आला. आधी आलं ते दुःख, कारण दहाव्याला तिलाही बाप भेटला होता. आता आईला हे सांगायचं म्हणजे आबांना दुसऱ्यांदा घाटावर न्यायचं. गप्प बसावं, जाऊ द्याव्यात शेळ्या, असंच तिला वाटलं.

पण संध्याकाळी सारजाबाई म्हणाली, "वत्सलाबाईला मी सांगितलंय. तिच्या मालकाच्या रानाचं काय करावं, ते तितंच इचार म्हणून." वत्सलाबाई म्हणजे शेजारची, चारच दिवसांमागे विधवा झालेली बाई. तिला त्या रानाशिवाय दुसरा आधार नव्हता. गप्प बसायची सोय तिथं संपली.

गोडजेवणाच्या दिवशी शेळ्या घाटावर आणल्या. धनश्री महाराजांपुढे वाकली. "महाराज, आबांचं बोलणं अर्धं राहिलंय. एकदा परत विचारू द्या."

गर्दीला तेच हवं होतं. बंकटनंही गळ घातली. नाही कसं म्हणणार? पत्रावळी मांडल्या गेल्या. तेवढ्यात धनश्रीनं वसतिगृहाची पाटी उचलून पिवळ्या फडक्यापुढे ठेवली आणि गोशाळेची पांढऱ्यापुढे.

"पाट्या हलवू नका!" महाराज कडाडले. "आत्म्याची दिशा चुकते!"

"त्याला पावतीपुस्तक दिसतं, महाराज. एवढी पाटी दिसायची न्हाई का?"

कावळा आला तो थेट पिवळ्यावर. वसतिगृह! गर्दीत कुजबुज झाली.

"मन पालटलं," महाराज घाम पुसत म्हणाले. "आत्मा चंचल असतो."

धनश्रीनं पाटी उलटी केली, खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "महाराजांनी गाव सोडावं." पाटी पिवळ्या फडक्यापुढे ठेवली. कावळ्यानं क्षणाचाही विलंब न लावता कौल दिला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग तिनं पिंडासकट पत्रावळच उचलली. उघड्या पिवळ्या फडक्यावर कावळे गोळा झाले आणि नसलेलं फरसाण शोधू लागले.

"हे आबांना ओळखत नाहीत," ती म्हणाली. "फडक्याला ओळखतात. सोमनाथदादा रोज पहाटे ह्याच्यावर फरसाण टाकतात, आन् पांढऱ्यावर बसलं की काठी मारतात. मी डोळ्यांनी बघितलंय. विचारा त्यांना."

सोमनाथ विचारायला जागेवर होताच कुठं?

"पितरांची चेष्टा!" महाराजांनी कमंडलू उगारला. "घराण्याला शाप लागेल!"

"कावळ्याच्या शापानं गाय मरत न्हाई, महाराज," बंकट म्हणाला. आपण भावाच्या नावानं कुणापुढे हात जोडले हे त्याला आता कळलं होतं. "आन् तुमच्या गोशाळेत गाई तरी किती हायेत, ते सांगा की."

महाराजांनी जीप गाठली. लोक हसले, काही जण मागे धावले. सारजाबाई मात्र त्या फडक्याकडे बघत उभी होती.

"मंग त्या दिवशी ते आलेच न्हाईत?"

धनश्रीला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई, आई. कावळाच आलता."

"कशाला सांगितलंस गं?" सारजाबाई एवढंच म्हणाली. शेळ्या पुढे घालून ती एकटी घरी निघाली. त्या दिवशी ती लेकीशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला. "चल, दाव मला ती गोशाळा. आन् ते वसतिगृहबी."

गोशाळेत महाराजांचा फोटो भिंतभर होता आणि गव्हाणीत काडी नव्हती. दोन गाई होत्या, त्यांच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. वसतिगृह तर पत्र्याचंच होतं. सारजाबाईनं ते चालवणाऱ्या बबिताताईंना भंडावून सोडलं. दूध कोण काढणार? पावसात शेळ्या कुठं बांधणार? चारायला कोण नेणार? मग ती एका लहानग्या पोरीजवळ टेकली. "आज काय खाल्लंस गं? काल? दूध कवा पिलीस?" बबिताताई रागावल्या नाहीत. उलट गळका कोपराही त्यांनीच दाखवला.

मेलेले सांगत नसतात. त्यांच्या नावानं जो सांगतो, त्याचा हात आपल्या पदराकडे असतो. दान द्यायचं तर आपल्या पायांनी जावं, आत डोकावावं, ज्याच्यासाठी द्यायचं त्यालाच विचारावं. आधी थोडं द्यावं आणि पुन्हा जाऊन बघावं. आपले प्रश्न ज्याला टोचतात, त्याच्या हातावर पाणी सोडू नये. सारजाबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाजारात शेळी घेताना ती दात बघूनच घ्यायची, दान देताना तेवढं विसरली होती.

पुढच्या आठवड्यात ती दोन दुभत्या शेळ्या घेऊन गेली. बाकीच्यांचं महिन्यानं येऊन बघून ठरवणार होती. शेळ्या बांधून झाल्यावर सवयीनं तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. धनश्रीनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला नाही.

"मावशी, भागवतकाकांची शेवटची इच्छा म्हणून सांगू ना लेकरांना?" बबिताताईंनी विचारलं.

"न्हाई," सारजाबाई म्हणाली. "त्यांची इच्छा काय हुती, ते कुणालाच ठावं न्हाई. मी बघितलं, मला पटलं, मी देतीया."