कापसाच्या शेतात घेतलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना लाइट मीटर आहे, आणि डूख धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मूठभर देह, पोटात एक काटा, डोक्यावर पांढरी घुमटी. मला सेलसुद्धा लागत नाही. उजेड पडला की काटा हलतो आणि फोटोसाठी किती उजेड घ्यायचा ते मी सांगतो.

अमरावतीच्या राजापेठेत भगवंतरावांचा स्टुडिओ. तेव्हा रिळात छत्तीसच फोटो, आणि बिघडला की नाही ते धुतल्यावरच कळायचं. म्हणून ते आधी मला नवरीच्या तोंडापाशी धरायचे, मगच बटण दाबायचे. काय थाट होता माझा!

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि मुलगा कुलदीप डिजिटल कॅमेरा घेऊन दुकानात बसला. "बाबा, हे डबडं कायले पायजे? कॅमेऱ्यातच मीटर हाय," म्हणाला, आणि पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मला त्या कागदांवर ठेवलं. मला! अकरा वर्षं! मी मनात म्हटलं, येशील बेट्या, माझ्याचकडे येशील.

तो दिवस वलगावला उजाडला. ऐंशी वर्षांच्या माणिकबाईंच्या शेतात सीतादही होती. पहिला कापूस वेचण्याआधी घरातली वडील बाई पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवते. मगच कोणी बोंडाला हात लावतं. पुढच्या वर्षी हा मान सून जमुनाकडे जाणार होता. म्हणून माणिकबाईंना भरल्या शेतातला स्वतःचा एक फोटो हवा होता. भगवंतरावांनी हट्टाने मला कुलदीपच्या पिशवीत कोंबलं होतं.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून उलटून आलेला उजेड मोजतो. एवढा पांढरा कापूस बघून तो फसला, त्याने उजेड कमी घेतला आणि माणिकबाईंचं सावळं तोंड काळंठिक्कर आलं. कुलदीपने उजेड वाढवला. तोंड उजळलं, पण कापूस पार जळाला, म्हणजे बोंडं पुसून नुसता पांढरा डाग उरला. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळालं की परत येत नाही. मी पिशवीत पडल्या पडल्या हसत होतो.

माणिकबाईंनी पदराची सावली करून कॅमेऱ्यात पाहिलं. "माहा कापूस कुठी गेला रे? हे तं चुन्याची भिंत दिसून राहिली!" पूजा आटोपली म्हणून वेचायला आलेल्या बाया उठू लागल्या, तशा त्या कडाडल्या, "माहा फोटू बराबर येत नाई तोवर कोनी बोंडाले हात लावाचा नाई!"

बाया बांधावर बसल्या. ऊन चढत होतं. कुलदीपला घाम फुटला आणि त्याने बापाला फोन लावला.

"मीटर काढ, गाढवा," भगवंतराव म्हणाले. "बाईच्या तोंडापाशी धर."

त्याने मला पिशवीतून काढून माणिकबाईंच्या तोंडापाशी धरलं. वाटलं, एक चुकीचा आकडा द्यावा आणि याची कायमची जिरवावी! काटा शिवशिवत होता. पण मी खोटा ठरलो तर हा मला बांधावर फेकून मोकळा होईल. त्याला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं मला. आणि माणिकबाईंनी माझं काय वाकडं केलं होतं? मी कापसाकडे बघितलंच नाही, त्यांच्या तोंडावर पडलेला उजेड मोजला आणि खरा आकडा दिला. फोटोत सुरकुत्याही आल्या, बोंडंही आली.

"आता दिसली मी," माणिकबाई म्हणाल्या, आणि वेचा सुरू झाला.

हल्ली दर लग्नात कुलदीप भर मांडवात कमरेत वाकून मला धरतो आणि पाहुण्यांना म्हणतो, "थांबा, याले इचारू द्या." मीही काटा मुद्दाम सावकाश हलवतो. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, झाकून, जिवापाड जपा. आमच्यापैकी काहींची आठवण फार पक्की असते.