रंजूचे नख

तळाला लागलेल्या काकवीतून गोडवा काढून घेतला तर जो वास मागे राहील, तसा तापलेल्या स्टेअरिंग ऑइलचा वास असतो. साताऱ्याच्या चढावर एखाद्या ट्रकमागे थांबले असताना तो आला, तरी मला माझी धाकटी बहीण रंजू दिसते: केसांवर घट्ट बांधलेला रुमाल, कोपरापर्यंत काळवंडलेले हात, आणि यंत्राचे ऐकताना किंचित डावीकडे कललेली मान. ती मान आमच्या वडिलांची. त्यांचे नाक माझ्याकडे आले, असे नातेवाईक सांगतात. पण त्या नाकाने काय ओळखावे, हे त्यांनी शिकवले तिला.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे सरल्यावर ते आष्ट्याला परतले आणि रस्त्याकडेच्या पत्र्याखाली त्यांनी गॅरेज उघडले. मी तेव्हा कवितांच्या वह्या भरत होते; रंजू पान्यांचे आकडे पाठ करत होती. पुढे मी साताऱ्यात मराठी शिकवू लागले. माझी कविता छापून आली की आप्पा तो अंक दोन्ही हातांनी धरत, जणू परक्या घरचा काचेचा पेला आहे, आणि वाचून अतिशय जपून परत देत. रंजूकडे मात्र ते हातातला पाना न बघता फेकत, आणि ती तो न बघता झेलत असे. मला आदर मिळाला. तो फेकलेला पाना मला कधी मिळाला नाही.

आप्पांचा खांदा दुबळा झाला तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या जीपला पॉवर स्टेअरिंग बसवले. भंगारातून आणलेली स्टेअरिंगची लोखंडी पेटी बापलेकींनी महिनाभर खोलून, घासून, नवी रबरी सीले घालून पुन्हा जिवंत केली. ते आप्पांच्या हातचे शेवटचे काम. ते गेल्यावर गॅरेज रंजूकडे राहिले आणि जीप, त्यांच्याच इच्छेने, माझ्याकडे आली. मी ती नेली तेव्हा रंजू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आणि तिच्या अंगणातली एवढी मोठी आठवण मी उचलून नेते आहे, या जाणिवेत मला एक लहानसा, काळसर आनंद झाला होता.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस जीपखालच्या फरशीवर तेलाचे थेंब दिसू लागले. चाक वळवताना बॉनेटखालून दुखऱ्या जनावरासारखा हुंकार येई. तेल कमी झाले आहे, ते घालावे, एवढे मला कळत होते. जीपच्या मागच्या खणात आप्पांच्या दोन बाटल्या होत्या. लष्कराच्या कँटीनमधून मिळणाऱ्या रमच्या रिकाम्या बाटल्यांत ते सगळी तेले भरून ठेवत. चिठ्ठी कशावरच नाही, कारण बूच उघडून हुंगले की त्यांना कळे. रंजूलाही कळे. माझ्यासमोर मात्र दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत मधाच्या रंगाचे सारखेच तेल. एक फोन पुरला असता. पण तो फोन करणे म्हणजे, आप्पांनी मला दिलेली वस्तूदेखील तुझ्याच भाषेत बोलते, हे तिच्यापाशी कबूल करणे. आणि ते माझ्याने होईना. मी दोन्ही बाटल्या हुंगल्या, एक निवडली, आणि तीन महिने तीच ओतत राहिले.

चाक जड होत गेले, गळती वाढत गेली. शेवटी साताऱ्यातल्या एका मेकॅनिकने स्टेअरिंगच्या तेलटाकीचे झाकण उघडून नाक मुरडले आणि विचारले, स्टेअरिंगमध्ये ब्रेकचे तेल कुणी घातले? त्याने आतले रबर फुगते, मऊ पडते, सील सुटते. मला ठाऊक नाही, असे मी म्हणाले. त्याने होते ते तेल काढले, योग्य ते भरले आणि पेटी कुणी बांधली ते माझ्याकडून कळल्यावर, ती खोलायला बहिणीकडेच न्या, असे सुचवले. दुसऱ्या दिवशी, मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात, उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत, जड चाक दोन्ही हातांनी ओढत मी आष्ट्याला आले.

रंजूने जीपभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. आजारी माणसाच्या कपाळावरून हात उचलायला वेळ लागतो, तेवढा. मग तिने पेटी डिझेलने धुतली, फडक्याने कोरडी केली आणि घरातून आणलेली अंगाची पावडर तिच्यावर भुरभुरली. पांढऱ्या पावडरीवर तेल पहिल्यांदा जिथे काळे उमटेल, तिथे गळती. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या मानेवर आई जशी पावडर लावते, तशी तिची बोटे लोखंडाच्या खाचाखोचांतून फिरत होती, आणि मी, जिने वात्सल्यावर कविता लिहिल्या आहेत, शेजारी पर्स सांभाळत उभी होते.

ट्रॅक्टर घेऊन आलेला एक शेतकरी हसला. “रंजाक्का, पावडर लावून गाडीचं लगीन लावतीयास व्हय?”

“तुजाच ट्रॅक्टर नवरदेव हाय,” ती मान न वळवता म्हणाली. “आदी त्येला आंघोळ घालून आन जा.”

पावडर पेटीतून खाली निघणाऱ्या दांड्यापाशी काळवंडली. पेटी उतरवून तिने सील बाहेर काढले, तेव्हा ते भिजल्या वाटाण्याच्या सालीसारखे लिबलिबीत झाले होते. तिने ते बोटांत चुरडले. नाकाजवळ नेले. मान डावीकडे कलली, पापण्या क्षणभर मिटल्या. मग तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आरोप असता तर मला आधार झाला असता. तिने सील फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवले आणि एवढेच सांगितले, की सील बदलता येते. पण सैल सीलमध्ये फिरून दांड्यावर चरा उठला असेल तर पेटी टाकून द्यावी लागेल, तिला दुसरा इलाज नाही.

“आप्पांची पेटी?” मी विचारले.

“त्येंचीच की. दुसरी कुटली?”

मग तिने दांडा पुसला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख त्यावरून चालवले. डोळ्यांना न दिसणारा चरा नखाला लागतो. हे नख आप्पांनी तिला कापू दिले नव्हते. तिच्या लग्नात मेंदी काढणारी बाई हटून बसली तरीही नाही. दांड्याच्या घेरावरून ते इतक्या संथपणे फिरत होते, की रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांचा गलबला, पत्र्यावरची चिमणी, माझा श्वास, सारे त्या एका नखाच्या टोकाशी येऊन थांबल्यासारखे झाले. माझ्या अहंकाराने आप्पांचे शेवटचे काम मोडले असेल, तर ते प्रथम त्या नखाला कळणार होते. आणि अशाही वेळी मला त्या नखाचा हेवा वाटला.

“गुळगुळीत हाय,” ती म्हणाली, आणि जराशी बसली.

नवे सील बसले. पेटी जागेवर गेली. टाकीत ताजे तेल भरले, पुढची चाके जॅकवर उचलली गेली, आणि रंजूने मला स्टेअरिंगवर बसायला सांगितले. इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवत राहायचे, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा बुडबुडे होऊन टाकीतून वर निघून जाते. हे काम दोघांचे असते. एक चाक वळवतो, दुसरा बुडबुडे पाहतो. या जागेवर आप्पांच्या समोर वर्षानुवर्षे ती बसली असणार; ते मी कधी पाहिलेही नाही, कारण त्या वर्षांत मी अन्यत्र, खिडकीजवळ, संध्याकाळच्या रंगांना नावे शोधत होते.

बॉनेट उघडे होते, त्याने तिचा चेहरा झाकला होता. कडेवर टेकलेली तिची चार बोटे तेवढी दिसत होती. मी चाक डावीकडे नेले, उजवीकडे नेले. गेलेले माणूस आपण ज्याच्या त्याच्या वाट्याला आले तसे वाटून घेतो, आणि काळ पुढे सरकत राहतो तसतसा दुसऱ्याचा वाटाच आपल्याला मोठा दिसत जातो.

“रंजू,” मी बॉनेटच्या उभ्या पत्र्याला म्हणाले, “ब्रेकचं तेल मीच घातलं. तुला विचारायचं नव्हतं मला. विचारवलं नाही.”

चार बोटे हलली नाहीत. माझे हात मात्र भरभर चालू लागले होते. चाक या टोकाला आपटत होते, त्या टोकाला आपटत होते, टाकीत फेस होत असणार. मग बॉनेटपलीकडून, आप्पा गेल्यानंतर माझ्याशी कुणी बोलले नव्हते अशा सहज आवाजात, ती म्हणाली,

“दमानं.”