टेकडीची वाट आणि नवसाची घरं

मित्रांनो, शिरूर अनंतपाळजवळच्या महादेवाच्या टेकडीवर चढणारी जुनी वाट ती मीच. वय झाले असले तरी अजून ठणठणीत आहे. माझ्याइतक्या तऱ्हेतऱ्हेच्या पायांना सांभाळणारी वाट या भागात दुसरी नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

पूर्वी मी शेळ्यांच्या खुरांनी पडलेली सरळसोट घसरगुंडी होते. मग लातूरच्या सायकलवाल्या पोरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून मला नव्याने घडवले. आता मी टेकडीच्या अंगाने वळणे घेत चढते. जागोजागी चपट्या दगडांच्या तिरक्या ओळी माझ्यात पुरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांना अडते आणि बाजूच्या गवतात उतरते. वळणांवरची झुडपे छाटलेली आहेत, त्यामुळे वरून येणारी सायकल आणि खालून चढणारी म्हातारी एकमेकींना लांबूनच दिसतात. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा इथला नियम. शेळ्यांना मात्र सगळ्यांनीच द्यायची, कारण त्या कुणाचेच ऐकत नाहीत.

माझ्यावर सगळ्यांत जास्त जीव अंबिकाचा. खालच्या वस्तीतली ही कॉलेजातली मुलगी राज्य स्पर्धेसाठी रोज माझ्यावर सायकलचा सराव करते. तिचे कौतुक झाले की मीच फुगते.

पण गेल्या श्रावणात माझ्या अंगावर गुडघाभर चर पडले. देवस्थानाचे कारभारी संगप्पा भडकले.

"ह्या सायकलींनीच वाट उकरली. आजपासून सायकल बंद!"

"काका, मग मी सराव कुठं करू? आसपास अशी वाट न्हाई," अंबिका म्हणाली.

"ते मला सांगू नको. सोमवारी बायामाणसं अनवाणी चढत्यात. कुणाचा पाय मोडला तर?"

त्यांची काळजी खरी होती. पण आळ चुकीच्या माणसावर आला होता, आणि मला बोलता येत नव्हते. फार वाईट वाटले.

खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्या टेकडीवर लोक दगडावर दगड रचून छोटेसे घर बांधतात आणि महादेवाकडे खरे घर मागतात. त्यासाठी चांगले चपटे दगड कुठे मिळणार? माझ्या ओळींत! भाविकांनी ते उपटून नेले आणि पाणी थेट माझ्या पाठीवरून धावले.

रिकाम्या खाचा बघत अंबिका देवळापाशी पोचली. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या नीलाबाई तिथे आपले घर रचत होत्या. दर श्रावणात त्यांचे हेच मागणे.

"आज्जी, हे दगड कुठले?" अंबिकाने बिचकत विचारले.

"खालच्या वळणाचे. लई चपटे हायत बघ."

अंबिकाने चर कसे पडले ते सांगितले. तशी नीलाबाईंनी आपल्या हाताने ते घर उतरवले, दगड पदरात घेतले आणि संगप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"लेकरावर कशाला चिडतूस? वाट आम्हीच मोडली."

"अन् तुमचा नवस, नीलाबाई?"

"महादेव काय वरच्याच दगडाकडं बघतो व्हय? खालचा बी त्येचाच हाय."

कुदळ घेऊन संगप्पा स्वतःच खाली उतरले. त्यांच्यामागून बाकीचे लोकही आपापली नवसाची घरे उतरवून दगड घेऊन आले. आता नवसासाठी शेतातले दगड पायथ्याशी टाकलेले असतात. सोमवार सोडून सायकली धावतात आणि अंबिकाचा सराव जोरात चालू आहे.

नीलाबाईंना खरे घर अजून मिळालेले नाही. पण त्यांचे दगड माझ्यात पक्के बसले आहेत. कितीही पाऊस पडो, मी ते हलू देणार नाही. मित्रांनो, तुम्हीही हलवू नका.