सायातच्या झाडाचा बहर

"इंकार, पुढचं चित्र!" आयगानिम आपा म्हणाल्या आणि मी ऐटीत बटण दाबलं.

शाळेच्या सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. जिल्ह्याच्या जीवशास्त्र स्पर्धेत मी नुकतीच पहिली आले होते. त्यामुळे त्या दिवशी माईक माझ्याकडे, लॅपटॉप माझ्याकडे आणि सत्काराचं मानपत्रही मीच लिहिलेलं. सत्कार माझ्या आजोबांचा होता! तुरिसबेक आजोबा, वनखात्यात आयुष्यभर कलमं बांधली त्यांनी. मंचावर मधल्या खुर्चीत नवी टोपी घालून बसले होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

आयगानिम आपा अल्माटीहून आल्या होत्या, सफरचंदांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांचं भाषण आधी आणि चपान, म्हणजे मानाचा झगा, घालण्याचा कार्यक्रम नंतर, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं.

"तुमच्या डोंगरातली सफरचंदं माणसानं गोड केली नाहीत," त्या सांगत होत्या. "ती अस्वलानं केली. अस्वल फार नखरेल. आंबट फळ चावून थुंकतं, मोठं आणि गोड असेल ते पोट फुटेस्तोवर खातं आणि पलीकडच्या दरीत जाऊन..." त्या थांबल्या. "बी पेरतं, समजा."

पोरं फिदीफिदी हसली. मीसुद्धा.

"बारकी आंबट फळं पक्ष्यांनी कड्यांवर नेली. कडू सालीची किडीला आवडली नाहीत, म्हणून ओढ्याकाठी ती तगली. कुणी चाखलं, कुणी टाकलं, कुणी पळवलं. हे हजारो वर्षं चाललंय, म्हणून या जंगलात दोन झाडं एका चवीची नाहीत. इंकार, नकाशा दाखव."

मी नकाशा दाखवला. आमचा डोंगर, आणि त्यावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके.

"ही झाडं बिघडवलेली. कुणीतरी जंगली खुंटांवर बागेतल्या आपोर्ट जातीच्या सफरचंदाची कलमं बांधलीत. मधमाश्या त्याचे परागकण सगळीकडे नेतात. आपोर्टचं फळ मोठं, अस्वल तेच निवडणार, त्याचंच बी पेरणार. असंच चाललं तर तुमच्या नातवंडांच्या काळात सगळं जंगल एका चवीचं होईल. आणि आपोर्ट नाजूक. एक रोग आला की सगळं आडवं. कुणी हौशी माणूस असेल, त्याला कल्पना नसेल. पण त्यानं बिघडवलं हे खरं."

सभागृहात खोकल्याचाही आवाज आला नाही. आयगानिम आपांना वाटलं, भाषण रंगलंय.

त्यांना काय माहीत! आमच्या गावात मूल जन्मलं की चाळिसाव्या दिवशी त्याला न्हाऊ घालतात. ते पाणी आजोबा बाटलीत भरून नेत. पुढच्या वसंतात जंगलातलं एखादं तगडं झाड निवडून त्यावर आपोर्टची काडी बांधत आणि ते पाणी मुळाशी ओतत. गावातल्या प्रत्येक मुलाचं असं एक झाड होतं. गावच्या सुना वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत, म्हणून आजोबांना सगळ्या 'गोडआबा' म्हणत. जंगल गोड करणारा आबा.

आणि नेमकं हेच मी मानपत्रात लिहिलं होतं.

मुख्याध्यापकांनी मला खूण केली. मी वाचायला लागले. आवाज माझा मोठा, मलाच तो कौतुकाचा. "'ज्यांच्या चाकूनं आपल्या रानातलं आंबट सफरचंद गोड झालं...'" मागून कुणीतरी फिस्कन हसलं. माझे कान तापले. मधलं वाक्य गाळावं असं वाटलं, पण गाळायचं तर कुठलं? सगळी तशीच होती. मी शेवटपर्यंत वाचलं. मग दोघांनी आजोबांच्या खांद्यावर तो निळा, सोनेरी नक्षीचा चपान चढवला. टाळ्या वाजल्या, पण ओल्या लाकडासारख्या. आजोबा उभे होते. चपान त्यांना मोठा झाला होता. दोन्ही हात बाहीत हरवले होते.

घरी आल्यावर त्यांनी चपानाची घडी घातली, पेटीत ठेवली आणि झाकणावर बसून राहिले.

"आजोबा, तुम्हाला काय माहीत होतं? तेव्हा तर वनखातंच आपोर्टच्या काड्या द्यायचं!" मी म्हणाले.

"हो."

"मग वाईट कशाला वाटून घेता?"

"वाईट नाही वाटत गं. वाईट वाटलं असतं तर रडून मोकळा झालो असतो." त्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं, "लाज वाटते."

त्यानंतर ते दुकानापुढच्या बाकावर बसेनात. मिठाच्या पुडीसाठीसुद्धा मला पाठवत. सुना अजून त्यांना वाकून नमस्कार करत, पण 'गोडआबा' हा शब्द कुणाच्या तोंडून येईना. दुसरं नाव घेता येत नाही, मग काय, नुसतंच "अहो" म्हणत. ते त्यांना जास्त लागायचं.

एका सकाळी त्यांनी माझ्या फोनवर तो नकाशा मागितला. ठिपका ठिपका बोटानं चाचपला. "इथे दुकानदार बोलातचं झाड. इथे त्याची बहीण. हा वळणावरचा, हा तुझ्या बापाचा. इंकार, त्या बाईंना फोन लाव."

ती कलमं कुणी बांधली ते आयगानिम आपांना तोवर कुणीतरी सांगितलं होतं. फोनवर त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मीच म्हटलं, "अहो, ठीक आहे." आजोबांनी फोन घेतला आणि विचारलं, "झाडं काढली तर जंगल सुधारेल?"

"हळूहळू सुधारेल, अक्सकाल," वडीलधाऱ्या माणसाला आम्ही मानानं म्हणतो तसं त्या म्हणाल्या. "पण गाव काढू देणार नाही. लोकांच्या मुलांच्या नावाची झाडं ती. आम्ही करवत नेली तर दगड मारतील."

"मी विचारतो त्यांना," आजोबा म्हणाले.

मग आम्ही दारोदार हिंडलो. मी बरोबर, कारण त्यांचा गुडघा दुखतो आणि माझी जीभ चालते. पण बोलू मला दिलं नाहीच. प्रत्येक दारात ते टोपी सारखी करत आणि एकच सांगत, "तुमच्या लेकराचं झाड बांधलं, ती माझी चूक झाली. काढू द्या."

वळणावरच्या घरातली मदिना हसली. "माझ्या नवऱ्याचं झाड ना? काढा, खुशाल काढा! नवरा शहरातून येत नाही, निदान झाडाला तरी कुणाचा हात लागू दे." तिनं आम्हाला तळलेले बाउरसाक इतके चारले की मला श्वास घेता येईना.

दुकानदार बोलात मात्र काऊंटरवर रेलून म्हणाला, "अक्सकाल, झाड काढा. पण मग चपानाचं काय? तोही परत करायचा, की तो ठेवायचा?"

दुकानात चार माणसं होती. आजोबांचा चेहरा सभागृहातल्यासारखा झाला.

"तुझ्या झाडाला करवत लागेल तेव्हा ये तू," मी ओरडले. "लहानपणी त्याच झाडावरून पडून दात पाडून घेतलायस ना, निरोप तरी दे त्याला!"

"इंकार," आजोबा म्हणाले. "चूप." आणि बोलातला म्हणाले, "तू विचारलंस ते बरोबर आहे. मलाही अजून कळलेलं नाही."

बोलातनं नजर काढून घेतली. झाड काढायला मात्र तो हो म्हणाला.

शेवटचं घर कुल्याश आपांचं. त्यांचा सायात सैन्यात गेला होता आणि पेटीतून परत आला. दर शरद ऋतूत त्या त्याच्या झाडाखाली जाऊन सफरचंदं वेचून आणत, मुरंबा करत, आणि त्याच्या नावाच्या जेवणाला तो मुरंबा सगळ्यांना वाढत. दुसऱ्या कुणाला त्या झाडाचं फळ तोडू देत नसत.

त्यांनी चहा ओतला, पाव पुढे ठेवला. आजोबांनी तेच वाक्य म्हटलं, पण "लेकराचं" या शब्दाशी अडखळले.

कुल्याश आपांनी किटली खाली ठेवली.

"मी एकदा पुरलंय त्याला," त्या म्हणाल्या. "आता तुमची लाज जावी म्हणून दुसऱ्यांदा पुरू?"

"नाही, सूनबाई."

"जंगल, जंगल! अस्वलाला कुठलं गोड लागतं याची फिकीर आहे सगळ्यांना."

पाव चाखल्याशिवाय उठू नये, म्हणून आजोबांनी एक तुकडा तोडून तोंडात टाकला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. मग उठले. अंगणात पोचल्यावर मी म्हटलं, "एका झाडानं काय होतंय?" ते म्हणाले, "मधमाशीला विचार."

हिवाळ्यात वनखात्याची माणसं आली. इतक्या वर्षांत कलमाचे सांधे भरून गुळगुळीत झाले होते. आजोबा प्रत्येक बुंध्यावर हात फिरवत आणि सांध्याच्या खाली खडूची रेघ ओढत. "इथून. म्हणजे खालून जंगली फुटवा येईल." माझं झाड आलं तेव्हा मी फुशारकीनं म्हटलं, "माझं सगळ्यात आधी पाडा!" आणि करवत सुरू झाल्यावर पाठ फिरवून बुटांच्या नाड्या बांधत बसले. नाड्या सुटलेल्या नव्हत्या.

सायातच्या झाडापाशी मुकादमानं विचारलं, "हे?" आजोबांनी खडू खिशात टाकला. "हे नाही."

"आणि याचे परागकण?"

"बघतो," आजोबा म्हणाले.

मला वाटलं, नुसतं म्हणताहेत.

वसंतात शाळेला सुट्टी लागली आणि आजोबा सकाळपासून घरात नव्हते. शिडीही जागेवर नव्हती. मी धावत जंगलात गेले. तोडलेल्या खुंटांतून तांबूस कोंब वर आले होते. त्यांच्यामध्ये एकटं सायातचं झाड, फुलांनी पांढरंगुलाबी झालेलं आणि मधमाश्यांनी घोंघावणारं. शिडीच्या वरच्या पायरीवर आजोबा उभे होते आणि फुलं खुडत होते. गुच्छ धरायचा, पिळायचा, खाली टाकायचा. जमिनीवर फुलांचा ढीग साचला होता. अर्धं झाड हिरवं पडलं होतं.

"आजोबा! हे काय?"

"खाली थांब. पाय लागेल शिडीला."

"सगळी खुडणार?"

"सगळी. उमलतील तशी. रोज यावं लागेल थोडे दिवस."

"दर वर्षी?"

"मी असेन तोवर."

"पण मग फळ कुठून लागणार? कुल्याश आपांचा मुरंबा..."

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. खालच्या एका फांदीला कापडी पिशवी बांधलेली होती, तोंड घट्ट आवळून. आत मधमाशी जाणार नाही, पराग बाहेर येणार नाही. "तेवढ्या फुलांना मी पिसानं पराग लावीन. एका बरणीपुरतं होईल. बिया मात्र चुलीत टाकायच्या, तिला सांग."

मी पिशवी हातात धरून पाहिली. बारीक विणीचं, पांढऱ्यावर निळ्या फुलांचं सुती कापड होतं ते. सभागृहात दोघांनी चपान उलगडला तेव्हा आतून हेच अस्तर दिसलं होतं.

मागे वाळक्या काटक्या मोडल्या. कुल्याश आपा आल्या होत्या. डोक्याला रुमाल, हातात रिकामी बादली. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी जमिनीवरच्या फुलांकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. आजोबांनी वरून त्यांना पाहिलं आणि त्यांचा हात फांदीवरच थांबला. टोपी सारखी करायला गेले, तर शिडी हलली.

कुल्याश आपांनी बादली खाली टाकली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"डावीकडचा गुच्छ राहिलाय," त्या वर न बघता म्हणाल्या. "आणि जपून, गोडआबा."

आजोबांनी डावीकडे हात लांबवला. फुलं कुल्याश आपांच्या रुमालावर पडत राहिली. त्यांनी ती झटकली नाहीत, शिडी सोडावी लागली असती.